दुपटं सोडून बघा

बाळ जन्मलं की दाराबाहेरचे नातेवाईक तीन गोष्टी विचारतात. मुलगा की मुलगी, वजन किती, आणि रडलं का. आत आमचे प्रश्न निराळे असतात. दिवस भरलेत का, श्वास लागला का, रंग कसा आहे, अंगात जोर आहे का, ठोके शंभराच्या वर आहेत का. माझी सगळी नोकरी या दोन प्रकारच्या प्रश्नांच्या मधल्या दारात उभी राहून गेली. आधी उपकेंद्रात, मग लेबर रूममध्ये, आणि नंतरची बरीच वर्षं एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षात. बाळ तपासताना आम्ही जे शब्द वापरतो ते फाईलमध्ये राहतात आणि बाळ घरी जातं, हे मला कायम खटकत आलं. म्हणून हे लिहायला बसले.

एसएनसीयूत मी नवीन होते तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टर ड्युटी बदलताना "बाळ ठीक आहे" हे वाक्य चालवून घेत नसत. कुणी तसं म्हणालं की त्या बाळाजवळ जात, दुपटं सोडत, टोपडं काढत आणि म्हणत, "आता सांगा, काय दिसतंय?" मग सांगावं लागे. श्वास मिनिटाला 52, छाती आत ओढली जात नाही, ओठ गुलाबी, पोट कोमट पण पाय गार, दूध दोन-दोन तासांनी घेतंय, शेवटची लघवी चार वाजता. हे सगळं सांगायला दोन मिनिटं जास्त लागत. पण रात्री दोन वाजता त्याच बाळाचा श्वास 68 झाला तर तो वाढलाय हे पुढच्या पाळीच्या सिस्टरला लगेच कळे, कारण आधीचा 52 लिहिलेला असे. "ठीक" या शब्दाशी कशाचीच तुलना करता येत नाही. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तर सगळ्यांचंच ठीक दिसतं.

आमच्या शब्दांपैकी सर्वात प्रसिद्ध आणि सर्वात जास्त गैरसमज असलेला शब्द म्हणजे अॅपगार स्कोअर. व्हर्जिनिया अॅपगार या न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञ. बाळंतपणात सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं आणि बाळाकडे ठरावीक पद्धतीनं कुणी बघत नसे. 1952 साली त्यांनी बघायच्या पाच गोष्टी ठरवून मांडल्या आणि 1953 मध्ये ती पद्धत छापून आली. हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला जोर, नाकात नळी घातली किंवा तळव्यावर टिचकी मारली तर बाळ काय करतं, आणि रंग. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण. आज ही नोंद पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला करतात, आणि पाचव्या मिनिटालाही 7 च्या खाली असेल तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत. यंत्र नको, रक्त काढणं नको. डोळे, बोटं आणि घड्याळ एवढ्यावर होते. एका बाईनं बघण्याला शिस्त लावली आणि ती जगभरच्या लेबर रूममध्ये पोचली, याचा मला नर्स म्हणून फार अभिमान वाटतो.

पण हे गुण परीक्षेचे नाहीत. एकदा एका बाळाचे वडील डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्याकडे आले. शिकलेला माणूस. पहिल्या मिनिटाला 5 आणि पाचव्या मिनिटाला 8 असं कार्डावर होतं. ते वाचून त्यांना रात्रभर झोप आली नव्हती. "सिस्टर, पाचच मिळाले, म्हणजे पुढे डोक्यानं कमी राहील का?" मी त्यांना खुर्ची दिली आणि त्या पाच मिनिटांत काय घडलं ते सांगितलं. बाळ थोडं मलूल आलं, त्याला कोरड्या कपड्यानं पुसलं, पाठ चोळली, थोडा वेळ मास्कनं हवा दिली, आणि ते रडलं. 5 चे 8 झाले याचा अर्थ मदतीला त्यानं चांगली साथ दिली. एका बाळाची पुढची हुशारी या आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक निरोगी बाळांनासुद्धा पहिल्या मिनिटाला 10 मिळत नाहीत, कारण हातपाय काही वेळ निळसर असतातच. आम्ही निळेपणा बघतो तो जिभेवर आणि ओठांवर. सावळ्या बाळाच्या बाबतीत तर तिथेच बघावं लागतं.

आणखी एक सांगायला हवं. अॅपगार मोजून मग उपचार सुरू करत नाहीत. बाळ रडत नसेल, श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याच्या फुप्फुसात हवा जायला हवी. यालाच आम्ही गोल्डन मिनिट म्हणतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत बाळाला पाय धरून उलटं टांगणं, पाठीवर चापट्या मारणं सर्रास चाले. नंतर नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाची प्रशिक्षणं झाली, हातात मास्कनं हवा द्यायची अंबू बॅग आली आणि टांगणं बंद झालं. ज्यांनी दोन्ही पद्धती पाहिल्या त्यांनाच हा फरक केवढा मोठा आहे ते कळेल.

चांगल्या स्कोअरवर निर्धास्त होऊ नये हे मला एका बाळानं पक्कं शिकवलं. पहिल्या मिनिटाला 8, पाचव्याला 9. छान रडलं, दूध ओढलं. काही तासांनी आजी म्हणाली, "झोपेत गोड आवाज करतंय बघा." दुपटं सोडलं तर प्रत्येक श्वास सोडताना बारीक 'हूं हूं' येत होतं, नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांखाली खळगा पडत होता. आम्ही त्याला ग्रंटिंग म्हणतो. ते कण्हणं दुखण्याचं नसतं. फुप्फुसातली हवा पूर्ण निसटून ती मिटू नयेत म्हणून बाळ घसा अर्धवट आवळून श्वास सोडतं. आपला जीव वाचवायची त्याची ती धडपड असते. त्या बाळाला ऑक्सिजन आणि अँटिबायोटिक्स लागली, आठवड्याभरात ते घरी गेलं. नातेवाईक म्हणत राहिले की मार्क तर चांगले होते. मार्क पाचव्या मिनिटाचे होते, त्रास नंतर सुरू झाला.

वजनाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण इथे घरातल्यांचा आणि कधीकधी आमच्या लोकांचाही सर्वात जास्त गोंधळ होतो. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं बाळ ते कमी वजनाचं, दीड किलोच्या खाली फार कमी वजनाचं, एक किलोच्या खाली अतिशय कमी वजनाचं. हे सोपं आहे. पण एकाच दिवशी आमच्याकडे दोन बाळं आली होती, दोन्ही 1800 ग्रॅमची, शेजारशेजारच्या वॉर्मरवर. वजनकाट्यासाठी दोन्ही सारखी.

पहिल्याच्या तळपायावर जवळपास घड्याच नव्हत्या, फक्त पुढच्या भागात एक-दोन फिकट रेषा. कान मुडपला तर हळूहळू सरळ होई. खांद्यावर आणि पाठीवर मऊ लव होती, कातडी इतकी पातळ की शिरा दिसत. हात धरून मानेवरून पलीकडच्या खांद्याकडे नेला तर कोपर सहज छातीची मधली रेषा ओलांडून जाई. दुसऱ्याचे तळवे टाचेपर्यंत घड्यांनी भरलेले. कान मुडपून सोडला की टपकन सरळ. कातडी कोरडी, सुरकुतलेली, मांड्यांवर चरबी नाही, पण डोळे टक्क उघडे आणि तोंडाजवळ बोट नेलं की लगेच मान वळवून शोधू लागे. पहिलं बत्तीस आठवड्यांचं होतं, म्हणजे आपल्या दिवसांच्या मानानं वजनाला योग्यच. दुसऱ्याचे दिवस पूर्ण भरले होते, पण पोटात त्याची वाढ खुंटली होती. पहिलं प्रीटर्म, दुसरं एसजीए, म्हणजे दिवसांच्या मानानं लहान.

दोघांची भीती वेगळी. पहिल्याची फुप्फुसं कच्ची, श्वास मध्येच थांबायची धास्ती, आणि ओढणं, गिळणं, श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर नळीनं किंवा वाटी-चमच्यानं दूध द्यायचं. दुसऱ्याला पहिल्या तासातच दूध हवं, कारण त्याच्याकडे साठाच नाही, रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. तळपाय, कान, लव, कातडी आणि हातापायांचा ताण बघून दिवस ठरवायच्या या पद्धतीला बॅलार्ड स्कोअर म्हणतात. सोनोग्राफी झालेली नसली की आमचा आधार तोच. दुसरा आधार आईची आठवण. पाळीची तारीख विचारली की तारीख क्वचितच मिळते. "पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी," "गणपती बसायच्या आधी" असं उत्तर येतं, मग आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून आठवडे मोजतो. बाया आठवतात ते पक्कं असतं.

याच संदर्भात एक समज मी आयुष्यभर ऐकला. सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. हे साफ खोटं आहे. पोटात जितके दिवस जास्त तितकी बाळाची ताकद जास्त. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या घरचे आधीच हातपाय गाळून बसलेले मी पाहिलेत, दूध आणायलाही कुणी उठत नव्हतं. अशा वेळी मी आईलाच आत बोलावून बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवत असे. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली. त्वचेला त्वचा लागली की बाळाचं तापमान टिकतं, श्वास स्थिर होतो, आणि आईचंही काहीतरी जागं होतं. हातपाय गाळलेली आई तासाभरात "सिस्टर, ह्यानं ओठ हलवले," असं सांगू लागते.

वजनाचीच आणखी एक गोष्ट. पहिल्या काही दिवसांत पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. हे कुणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्या दिवशी काटा उतरलेला दिसला की सगळ्या घराचा रोख बाळंतिणीवर. "हिला दूधच पुरत नाही." मग बाटली येते, गाईचं दूध येतं, गुटी येते, आणि बिचारीचं खरंच कमी होतं. आठवड्याचं बाळ दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय. लंगोट मोजा, सुनेला बोलू नका, असं मी कितीतरी सासवांना सांगितलं आणि बहुतेकींनी ऐकलं.

श्वास मोजणं कुणालाही जमतं. बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, रडत नसताना, पोट उघडं करून. पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण नवजात बाळ पाच-सात सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतं. साठ किंवा त्याहून जास्त आले तर थोड्या वेळानं पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांना श्वास मोजता यावा म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन तयार केलं होतं. पुढे तिथल्याच गावांमध्ये आरोग्यदूत बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळं तपासली, जंतुसंसर्ग ओळखून औषधं दिली, आणि बालमृत्यू किती उतरले ते 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2011 पासून देशभर आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघतात, त्याचं मूळ या कामात आहे. आशाताई दारात आली की "बाळ झोपलंय, नंतर या" असं म्हणणारी घरं अजून आहेत. तिला बाळ उघडं करून बघू द्या.

तापमानाला मी थर्मामीटरच्या आधी हात वापरते. तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू. पोटाला लावायची, मग पावलाला. दोन्ही कोमट आणि पाऊल गुलाबी तर छान. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळ थंडीशी झुंजतंय. दोन्ही गार, तर धावपळ करायची वेळ. गारठलेलं बाळ रडत नाही, ते गप्प होतं, आणि घरच्यांना वाटतं किती शहाणं. जन्मल्या जन्मल्या न्हाऊ घालायची घाई म्हणूनच नको. अंगावरचा पांढरा चिकटा घाण नाही, त्याला राहू द्यावं. पहिला दिवस तरी आंघोळ नको.

काविळीबद्दल एक गोष्ट आम्हा नर्सेसच्या वाट्याची आहे. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात वॉर्ड नावाच्या एक सिस्टर होत्या. कमी दिवसांच्या बाळांना ऊन आणि मोकळी हवा मिळावी म्हणून त्या त्यांना अंगणात नेत. 1956 साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि चादरीचं टोक जिथे पडलं होतं तेवढाच त्रिकोण पिवळाजर्द. उजेडानं कावीळ उतरते हे त्या नजरेनं पकडलं, आणि 1958 मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी दिव्याखाली ठेवण्याचा उपचार छापून मांडला. आज आमच्याकडे निळ्या उजेडाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेलं प्रत्येक बाळ त्या सिस्टरांच्या निरीक्षणाचं देणं लागतं.

कावीळ खिडकीजवळच्या उजेडात बघायची, ट्यूबलाईटखाली नाही. कातडी बोटानं दाबून सोडली की खालचा रंग दिसतो. पिवळेपणा तोंडावरून खाली उतरत जातो. चेहऱ्यापुरता असेल तर बहुतेक वेळा साधा. तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं तर तिथल्या तिथे रक्त तपासायला हवं. ही कावीळ मेंदूत गेली तर कान जातात, हातापायांचे ताण बिघडतात, आणि ते परत येत नाही. कोवळं ऊन दाखवू, उतरेल, म्हणून घरी थांबलेली बाळं मी नंतर पाहिली आहेत. एवढ्या वाढलेल्या काविळीला कोवळं ऊन पुरत नाही.

काही गोष्टींना मात्र घाबरू नये. नाकावरचे पांढरे बारीक दाणे, कमरेवरचा निळसर डाग, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे लाल पुरळ, मुलीच्या लंगोटाला लागलेला रक्ताचा थेंब, हे आपोआप जातं. निळा डाग जायला वर्षं लागतील इतकंच. छाती सुजलेली दिसते ती आईच्या हार्मोन्समुळे, ती पिळू नये. पिळून गळू झालेली बाळं ऑपरेशनला न्यावी लागतात. टाळू उडते ती उडणारच. ती खोल गेली किंवा शांत असतानाही फुगलेली राहिली तरच दाखवायची. फाटलेला ओठ ग्रहणामुळे नसतो, आणि त्यासाठी कुणा बाईला बोल लावणाऱ्याला मी माझ्या वॉर्डात कधी थांबू दिलं नाही.

आमचे आकडे कुठे अपुरे पडतात तेही सांगते. आठ-दहा दिवसांचं बाळ घेऊन एक आई ओपीडीत आली. ताप नाही, श्वास 50, रंग चांगला. तिचं म्हणणं एवढंच की कालपर्यंत तोडून पीत होतं, आज तोंडात धरतं आणि सोडतं. काखेतलं तापमान, वजन, सगळं ठीक. पण आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिचं बोलणं खाली लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत, आणि बाळाला दाखल केलं. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. संध्याकाळपर्यंत बाळ हाक मारली तरी डोळे उघडेना. दाखल असल्यामुळे ते वाचलं. त्या दिवसापासून माझ्या नोंदींत एक रकाना वाढला: आई काय म्हणते. चोवीस तास बाळाला न्याहाळणारं माणूस तीच एक असते, आणि कालच्या आणि आजच्या बाळातला फरक तिला सगळ्यांत आधी कळतो.

म्हणून ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांना माझी विनंती. डिस्चार्ज घेताना कार्डावरचा प्रत्येक शब्द सिस्टरला विचारा, विचारण्यात कमीपणा नाही आणि सांगणं हे आमचं काम आहे. जन्माचं वजन आणि किती आठवड्यांचं ते पाठ ठेवा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बीची लस दिली का ते पाहा. घरी गेल्यावर बाळानं प्यायचं सोडलं, श्वास साठ किंवा वर गेले, बरगड्यांखाली खळगे पडले, अंग गार किंवा तापलेलं लागलं, झटके आले, तळवे पिवळे झाले किंवा हलवूनही नीट हालचाल करेना, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. 102 किंवा 108 ला फोन लावा, बाळाला छातीशी धरून निघा, आणि वाटेत दूध पीत असेल तर पाजत या.